सीक तेच, फाइल तीच, मग ओळ अर्धी का?

माझ्याकडे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, होती. काम एवढंच: भलीमोठी लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी जिथे लिहितो ती) उघडायची, शेवटापासून साधारण एक किलोबाइट मागे यायचं आणि तिथून पुढचा मजकूर दाखवायचा. पायथन २ मध्ये ती कित्येक वर्षं बिनबोभाट चालली. पायथन ३ वर आणली आणि पहिल्याच फटक्यात आडवी झाली. पडद्यावर संदेश आला: 'कान्ट डू नॉनझिरो एंड-रिलेटिव्ह सीक्स'. म्हणजे शेवटापासून मोजून कुठे जायचं असेल तर शून्य सोडून दुसरा आकडा चालणार नाही. तेव्हा मी पायथन ३ बनवणाऱ्यांना मनातल्या मनात बरंच सुनावलं. चांगलं चाललेलं कशाला बंद करायचं?

आता ते शब्द मागे घेतो. पायथनने माझं काहीही काढून घेतलं नव्हतं. आधी जे चालत होतं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कृपेने चालत होतं, नियमाने नव्हे.

ऑपरेटिंग सिस्टिमला फाइल म्हणजे फक्त बाइटची लांबलचक रांग दिसते. प्रत्येक बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ओळ, शब्द, अक्षर या गोष्टी तिच्या गावीही नसतात. फाइल उघडली की सिस्टिम त्या रांगेत एक खूण ठेवते: आपण अमुक बाइटपर्यंत आलो. वाचलं की खूण पुढे सरकते. खूण कुठे आहे हे 'टेल' सांगतो आणि ती उचलून दुसरीकडे ठेवायचं काम 'सीक' करतो. सीकला दोन गोष्टी सांगायच्या असतात: किती सरकायचं आणि कुठून मोजायचं. ० म्हणजे सुरुवातीपासून, १ म्हणजे आत्ताच्या जागेपासून, २ म्हणजे शेवटापासून. माझ्या स्क्रिप्टमध्ये सीक(-१०२४, २) असं होतं. शेवटाकडे जा आणि तिथून १०२४ मागे ये.

या आकड्यांना इतिहास आहे. लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये सीकला मिळणारा आकडा १६ बिटांचा असायचा, त्यामुळे एका उडीत फार लांब जाता यायचं नाही. त्यावर तोडगा म्हणून ०, १, २ च्या जोडीला ३, ४, ५ असेही पर्याय होते. अर्थ तोच, फक्त आकड्याला ५१२ ने गुणायचं. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीत मोठा आकडा घेणारा 'एलसीक' आला. त्यातला 'एल' म्हणजे 'लाँग'. लिनक्सवर आजही सीकच्या तळाशी तोच आहे.

पायथन २ मधली फाइल म्हणजे सी भाषेच्या फाइलवर चढवलेलं पातळ वेष्टन. पायथनचा सीक जवळपास तसाच सीच्या एफसीककडे जायचा. लिनक्सवर फाइल टेक्स्ट (मजकूर) म्हणून उघडा नाहीतर बायनरी (कच्चे बाइट) म्हणून, फरक काहीच नव्हता. वाचून हातात यायचे ते बाइटच, आणि पायथन २ त्यांनाच 'स्ट्रिंग', म्हणजे मजकूर, म्हणायचा. त्यामुळे १०२४ मागे म्हणजे १०२४ बाइट मागे. प्रश्नच नाही.

विंडोजवर मात्र चित्र वेगळं होतं. तिथे ओळीच्या शेवटी दोन बाइट असतात, १३ आणि १०. टेक्स्ट म्हणून वाचलं की सीची लायब्ररी त्या दोघांचा एक करून देते. म्हणजे हातात आलेला मजकूर आणि डिस्कवरचे बाइट यांचा हिशेब तिथेच बिनसला. शिवाय २६ आकड्याचा बाइट दिसला की फाइल संपली असं समजून वाचन थांबायचं, पुढे कितीही मजकूर असो.

आणि आता खरी गंमत. सी भाषेची १९८९ ची प्रमाणभूत नियमावलीच सांगते की टेक्स्ट म्हणून उघडलेल्या फाइलमध्ये सीक करायचा तर एकतर शून्य द्या, नाहीतर आधी टेलकडून मिळालेला आकडा सुरुवातीपासून मोजायचा म्हणून परत द्या. बाकी कशाचीही हमी नाही. म्हणजे माझी सीक(-१०२४, २) ही ओळ त्या नियमातही बसत नव्हती! लिनक्स काही बोलत नव्हता, म्हणून मीही खुशाल होतो.

पायथन ३.० आला ३ डिसेंबर २००८ ला. त्यात स्ट्रिंग म्हणजे बाइट हे समीकरण मोडलं. स्ट्रिंग म्हणजे युनिकोड (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक खुणेला क्रमांक देणारी यादी) मधली अक्षरं, बाइट म्हणजे बाइट, दोघांची घरं वेगळी. फाइल वाचायची यंत्रणाही नव्याने लिहिली गेली. सीच्या फाइलवर विसंबणं सोडलं आणि तीन थर एकावर एक ठेवले. सगळ्यात खाली थेट ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारा कच्चा थर, मध्ये बफर, म्हणजे बाइट तात्पुरते साठवून ठेवणारा थर, आणि फाइल टेक्स्ट म्हणून उघडली असेल तर वर बाइटची अक्षरं करून देणारा थर. ३.० मध्ये हे सगळं पायथनमध्येच लिहिलेलं होतं आणि ते रखडत चालायचं. ३.१ मध्ये ते सीमध्ये पुन्हा लिहिलं तेव्हा कुठे वेग आला.

अडचण आहे ती वरच्या थराची. एक उदाहरण अगदी जवळून बघू. फाइलमध्ये फक्त 'मराठी' हा शब्द आहे, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये मांडायच्या एका पद्धतीने (एन्कोडिंगने), साठवलेला. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती पाच आहेत: म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. आणि डिस्कवर आहेत पंधरा बाइट, कारण देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. म म्हणजे २२४, १६४, १७४. र म्हणजे २२४, १६४, १७६. काना म्हणजे २२४, १६४, १९०. ठ म्हणजे २२४, १६४, १६०. वेलांटी म्हणजे २२४, १६५, १२८.

ही फाइल पायथन ३ मध्ये टेक्स्ट म्हणून उघडली आणि एक अक्षर वाचलं की 'म' मिळतो. टेलला विचारलं तर उत्तर येतं ३. वाचलं एक, पुढे गेलो तीन. आता सीक(४) करून पुन्हा एक अक्षर मागितलं तर काय होईल? चार नंबरचा बाइट आहे १६४ (मोजणी शून्यापासून), म्हणजे 'र' च्या पोटातला मधला तुकडा. १६४ ने यूटीएफ-८ मधलं कोणतंच अक्षर सुरू होत नाही. पायथन डीकोडची, म्हणजे बाइटची अक्षरं करण्यातली, चूक दाखवून थांबतो. लक्षात घ्या, सीक(४) वर तो अडला नव्हता. ती उडी त्याने निमूट मारू दिली, अडला तो वाचताना.

आता विचार करा, अशा फाइलमध्ये 'इथून १० मागे' याचा अर्थ काय लावायचा? दहा अक्षरं म्हणाल तर मागच्या प्रत्येक अक्षराला किती बाइट लागले ते आधी शोधावं लागेल, आणि काही एन्कोडिंगमध्ये उलट्या दिशेने ते कळतच नाही. दहा बाइट म्हणाल तर अक्षराच्या मधोमध पडायची भीती. पायथन ३ ने दोन्ही नाकारलं. टेक्स्ट फाइलमध्ये आत्ताच्या जागेपासून किंवा शेवटापासून मोजायचं तर फक्त शून्य चालेल. सुरुवातीपासून मोजायचं तर शून्य, किंवा टेलने दिलेला आकडा. सीचा जुना नियमच, फक्त या वेळी दाराशी कोणीतरी उभं केलेलं. काही जण फाइल आस्की किंवा लॅटिन-१ म्हणून उघडून पळवाट शोधतात. तिथे एक अक्षर एक बाइटच असतं, मग तरी चालेल ना? नाही. टेक्स्ट म्हणून उघडलंत ना, मग नियम एकच, एन्कोडिंग कोणतं ते विचारलंही जात नाही.

टेलच्या आकड्याबद्दल आणखी थोडं, कारण इथेच बरेच जण फसतात. टेक्स्ट फाइलमध्ये टेल जे देतो ते 'इतके बाइट झाले' असं उत्तर नसतं. चप्पल ठेवताना मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं ते असतं. तोच बिल्ला परत द्या, तीच जागा मिळेल. बिल्ल्यावरच्या नंबरात दहा मिळवून दिलेत तर काय मिळेल त्याची जबाबदारी तुमची. साध्या यूटीएफ-८ फाइलमध्ये हा नंबर बहुतेक वेळा बाइटच्या जागेइतकाच असतो, म्हणून लोक बेसावध राहतात. आणि एके दिवशी टेल १८४४६७४४०७३७०९५५१६१६ च्याही पुढचा आकडा देतो. फाइल काही किलोबाइटची, आकडा मात्र २ च्या ६४ व्या घाताएवढा! बिघाड काही नाही. पायथन त्या एकाच आकड्यात बरंच काही कोंबतो. खालच्या ६४ बिटांत बाइटची जागा, त्याच्या वर डीकोडर कोणत्या अवस्थेत आहे ते, मग त्या जागेपासून किती बाइट त्याला भरवायचे आणि किती अक्षरं सोडायची. डीकोडरकडे लक्षात ठेवण्यासारखं काही उरलं असेल तर वरचे बिट भरतात आणि आकडा फुगतो. हे सगळं जुळवावं लागतं म्हणून टेक्स्ट फाइलमधला टेल संथही असतो.

फॉर लूपमधल्या (फाइलमधून एकेक ओळ घेत फिरणाऱ्या चक्रातल्या) टेलचा किस्सा वेगळा. पायथन २ मध्ये फॉरने ओळी वाचताना आतल्या आत ८१९२ बाइट आधीच ओढून ठेवले जायचे. त्यामुळे पहिली ओळ हातात असताना टेलला विचारलं तर तो ८१९२ सांगायचा. खोटं, पण आत्मविश्वासाने. पायथन ३ मध्ये टेक्स्ट फाइलवर फॉर चालू असताना टेल विचारला की तो सरळ चूक दाखवतो: 'टेलिंग पोझिशन डिसेबल्ड बाय नेक्स्ट कॉल'. मला विचाराल तर हा बदल सगळ्यात चांगला. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा तोंड मिटलेलं बरं. जागा हवीच असेल तर फॉरऐवजी रीडलाइन वापरत व्हाइल लूप चालवायचा, किंवा फाइल बायनरी म्हणून उघडायची. बायनरीत फॉर आणि टेल गुण्यागोविंदाने नांदतात.

इथवरच्या चुका निदान ओरडतात तरी. मला खरा ताप दिला तो न ओरडणाऱ्या चुकीने.

दुसऱ्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये मोठ्या फाइलची अनुक्रमणिका बनवली जायची. प्रत्येक ओळ कुठे सुरू होते तो आकडा लिहून ठेवायचा, म्हणजे नंतर हवी ती ओळ थेट उघडता येते. पद्धत बाळबोध: शून्यापासून सुरू करा, ओळ वाचा, तिची लांबी आधीच्या आकड्यात मिळवा, की पुढच्या ओळीची जागा मिळाली. पायथन २ मध्ये लिनक्सवर हे बिनचूक चालायचं, कारण लांबी बाइटमध्येच यायची. 'मराठी' आणि ओळ संपल्याची खूण मिळून १६. दुसरी ओळ १६ वर.

पायथन ३ मध्ये त्याच ओळीची लांबी येते ६. पाच युनिकोड खुणा आणि एक ओळशेवट. अनुक्रमणिका म्हणते, दुसरी ओळ ६ वर आहे. सीक(६) करून वाचलं तर? सहा नंबरचा बाइट म्हणजे २२४, कान्याची सुरुवात. अगदी वैध जागा. पायथनला खटकण्यासारखं काहीच नाही. तो 'ाठी' एवढं वाचून देतो आणि तीच दुसरी ओळ म्हणून गळ्यात मारतो. पहिल्या ओळीत 'गाव' असतं तर लांबी आली असती ४, उडी कान्याच्या मधल्या बाइटवर पडली असती आणि लगेच चूक दिसली असती. म्हणजे आकडा तीनच्या पाढ्यात बसला तर मुकाट्याने भलतंच, नाही बसला तर बोंब. पुढच्या ओळींत एकेका बाइटच्या मोकळ्या जागा, ओळशेवट, इंग्रजी अक्षरं मिसळली की हेही गणित उरत नाही. आणि चाचणीसाठी ठेवलेली फाइल सगळी इंग्रजी होती, तिथे अक्षर म्हणजे बाइटच. सगळ्या चाचण्या हिरव्यागार.

निव्वळ इंग्रजी फाइलही यातून सुटतेच असं नाही. पायथन ३ टेक्स्ट वाचताना १३ आणि १० या जोडीचा एक ओळशेवट करतो, आणि तो हे लिनक्सवरही करतो. विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्सवर वाचली तर दर ओळीमागे एक बाइट हिशेबातून गळतो. हजाराव्या ओळीनंतर तुम्ही हजार बाइट मागे असता. पायथन २ मध्ये लिनक्सवर १३ चा बाइट ओळीतच राहायचा, त्यामुळे हिशेब जुळायचा.

असं झालं की काही जण फाइल उघडताना 'चुका दुर्लक्षित कर' असा पर्याय देतात आणि मोकळे होतात. कृपा करून असं करू नका. त्याने सीक बरोबर जागी पडत नाही, तो चुकीच्या जागी पडल्याचं तुम्हाला कळायचं तेवढं बंद होतं.

उपाय कंटाळवाणा आहे, म्हणजे चांगला आहे: जागांशी खेळायचं असेल तर फाइल बायनरी म्हणून उघडा. बाइटमध्ये मोजा, बाइटमध्ये उडी मारा, मजकूर हातात आल्यावर त्याची अक्षरं करा. बायनरीत सीक(-१०२४, २) पायथन ३ मध्येही चालतो. माझी अनुक्रमणिका एवढ्या एका बदलाने सुधारली. फॉर तोच, बेरीज तीच, फक्त उघडताना 'आर' (टेक्स्ट) च्या जागी 'आरबी' (बायनरी).

किरकोळ बदल आणखी आहेत. पायथन २ मध्ये सीक काही परत द्यायचा नाही. पायथन ३ मध्ये तो नवी जागा परत देतो, त्यामुळे सीक(०, २) केलं की बायनरी फाइलचा आकार तिथल्या तिथे कळतो. एकाच फाइलमध्ये वाचन आणि लेखन आलटून पालटून करताना सीच्या नियमाप्रमाणे मध्ये सीक किंवा फ्लश (साठलेलं फाइलमध्ये लिहून टाकणं) करावा लागायचा. ते भान आता बायनरी फाइलचा मधला थर ठेवतो. वाढत्या लॉगवर नजर ठेवणाऱ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सीक(०, १) अशी एक गूढ ओळ दिसते. आहे तिथेच राहा असं सांगणारी. सीच्या फाइलला एकदा शेवट दिसला की 'संपली' असा झेंडा लागतो आणि तो उतरवायला ही ओळ असायची. पायथन ३ मध्ये तिची गरज नाही. शून्यच असल्यामुळे ती चालते मात्र, म्हणून तिला कोणी हात लावत नाही.

राहिली ती लॉग दाखवणारी स्क्रिप्ट. ती बायनरीत नेली तरी एक काम उरतंच, कारण १०२४ बाइट मागे गेल्यावर आपण अक्षराच्या मधोमध असू शकतो. यूटीएफ-८ इथे हात देतं. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये ते आखताना अक्षराच्या पोटातले बाइट नेहमी १२८ ते १९१ मध्येच पडतील असं बघितलं. त्या टप्प्यातला बाइट दिसला की तो सोडून पुढे जायचं, जास्तीत जास्त तीनदा, की नव्या अक्षराची सुरुवात सापडते. पण लॉगच्या बाबतीत त्याहून सोपं आहे. पहिला १० चा बाइट, म्हणजे ओळशेवट, दिसेपर्यंतचं सगळं टाकून द्यायचं. बहुबाइटी अक्षरांचे सगळे बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात, त्यामुळे १० दिसला तर तो ओळशेवटच. यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये मात्र हे करायला जाऊ नका. तिथे गुजराती आणि गुरुमुखी लिपीच्या प्रत्येक अक्षरात एक बाइट १० चाच असतो.

मी हे बसवलं, चालवलं आणि दुसऱ्याच दिवशी स्क्रिप्ट पुन्हा पडली. या वेळी चूक क्रमांक २२, 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. लॉग फाइल नुकतीच नवी सुरू झाली होती, आत जेमतेम तीनशे बाइट, आणि मी १०२४ मागे जायला सांगत होतो. सुरुवातीच्याही मागे. हे पायथन २ मध्येही पडलंच असतं, पण तेव्हा कधी लॉग इतका लहान असताना ती चाललीच नव्हती. आता आधी सीक(०, २) ने आकार घेतो, १०२४ आणि आकार यांतलं जे लहान तेवढंच मागे येतो, आणि सुरुवातीलाच पोचलो असेन तर पहिली ओळ टाकत नाही. उडी नेमकी ओळीच्या सुरुवातीला पडली तर एक अख्खी ओळ फुकट जाते, म्हणून एक बाइट जास्त मागे जातो, १०२५.